अंबूबाईंची शिफारस

"तुझ्याबद्दल मी काय सांगायचं, ते तूच सांग की," अंबूबाई म्हणाल्या.

"तेच चालत नाही, मावशी," दिगंबर म्हणाला. "मी समोर असायचं नाही. तुम्ही सांगायचं, दुसऱ्या कुणीतरी इंग्रजीत लिहायचं, तुम्ही अंगठा उठवायचा आणि पाकिटावर लाख लावायची."

"आन् तू फोडलंस तर?"

"तर माझा अर्ज बाद."

नवलाख उंबरे या गावातल्या चाळीस घरांचं दूध गोळा करून तळेगाव स्टेशनवरून मुंबईला धाडायचं, हा अंबूबाईंचा धंदा. नवरा गेल्यावर दोन म्हशींवर त्यांनी तो उभा केला होता. अक्षरओळख नव्हती, पण दुधात पाणी किती हे त्या नुसती किटली हलवून सांगत. तळेगावचा दिगंबर बी.कॉम. झाल्यावर त्यांच्याकडे कामाला लागला, त्याला चार वर्षं झाली होती. पत्रव्यवहार, रेल्वेच्या पावत्या, मुंबईच्या हॉटेलवाल्यांशी बोलणी, सगळं तो पाही.

हे सेहेचाळीस साल. लढाई संपली होती आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं व्यापाराच्या वरच्या शिक्षणासाठी हिंदुस्थानातल्या पदवीधरांकडून अर्ज मागवले होते. मुंबई इलाख्यातून एकालाच घेणार होते, फी माफ करून. पदवीचे गुण तर हवेतच, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. ज्याच्या हाताखाली काम केलं त्याचं बंद पत्र हवं होतं. शिवाय एक निबंध: धंद्यात आलेली अडचण तुम्ही कशी निवारलीत? शेवटी मुलाखत. त्याच विद्यापीठात शिकून आलेले गोपाळकृष्ण रिसबूड लोणावळ्याला राहत. मुलाखत ते घेणार होते आणि शब्दही त्यांचाच अखेरचा.

"निबंधात काय लिवलंस तू?" अंबूबाईंनी विचारलं.

दिगंबर कागद काढून मराठी करत वाचू लागला. दोन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, खंडाळ्याच्या घाटात दरड कोसळली होती. मुंबईची लाइन चार दिवस बंद. चाळीस घरांच्या म्हशी काही थांबणार नव्हत्या. पुण्याला दूध मुबलक, कुणी जास्तीचं घेईना. तेव्हा लग्नकार्याच्या मोठाल्या कढया बाहेर निघाल्या, अंगणाअंगणात चुली पेटल्या आणि दुधाचा खवा झाला. नारळीपौर्णिमा तोंडावर होती. पुण्याच्या हलवायांनी खवा हातोहात उचलला. एका घराचंही दूध वाया गेलं नाही.

"'खवा करू या, असं अंबूबाईंना सुचलं,'" दिगंबर वाचत होता.

कागदावर त्या जागी 'मला' होतं. पुढेही पानभर 'मी'च होतं.

अंबूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "ब्येस लिवलंयस," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तळेगावला रजनीताईंकडे गेल्या. रजनीताई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. दिगंबर फाटकाबाहेर उभा राहिला. तासाभरानं अंबूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी पाकीट त्याच्या हातात ठेवलं.

"बराच वेळ लागला, मावशी."

"खव्याचं सांगत हुते. लय येळ त्याच्यातच गेला."

पाकीट दोन दिवस दिगंबरच्या ट्रंकेत पडून होतं. ते पाठवूच नये असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी त्यानं ते निबंधासोबत रजिस्टर केलं.

महिन्यानं लोणावळ्याहून बोलावणं आलं. रिसबूड साठीचे, किडकिडीत, हळू बोलणारे गृहस्थ होते. व्हरांड्यातल्या टेबलावर त्यांनी निबंध पसरला होता. शेजारी अंबूबाईंचं पाकीट होतं, लाख शाबूत.

"पत्र मी मुलाखतीनंतरच उघडतो," ते म्हणाले. "आधी माणूस, मग त्याची स्तुती. शिकायला तिकडे कशाला जायचंय?"

"चाळीस घरांची चारशे करायचीत. ते कसं करायचं हे मला ठाऊक नाही, मावशींनाही नाही."

रिसबूड हसले. रेल्वे, म्हशी, मुंबईचे भाव, तासभर त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि दिगंबरनं एकही उत्तर चाचरत दिलं नाही. मग त्यांनी निबंधावर बोट ठेवलं.

"हे मला फार आवडलं. खव्याचं कसं सुचलं तुम्हाला?"

दिगंबर पाकिटाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला नाही सुचलं. ते मावशींचं."

"मग असं का लिहिलंत?"

"जागा एकच होती."

"आणि आता का सांगताय? पत्रात खरं निघेल म्हणून?"

"ती भीती आहेच. पण लिहिताना मी एकटा होतो, खपून गेलं. आत्ता तोंडानं म्हणायला गेलो, तर मावशी दिसल्या. पदर खोचून घरोघर कढया मागत फिरत होत्या. मी नुसता ओझी उचलत होतो."

रिसबूडांनी लाख फोडली. पत्र एकदा वाचलं, परत वाचलं. चष्मा काढून पुसला.

"या बाई खोटं बोलतात का हो?"

"कधीच नाही. त्यांच्या शब्दावर तर चाळीस घरं दूध घालतात."

रिसबूडांनी अर्ज ओढला आणि खालच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं: घ्यावे. सही करून त्यांनी तो दिगंबरपुढे सरकवला.

"माझं काम संपलं. आता हे वाचायला हरकत नाही," म्हणत त्यांनी पत्रही त्याच्या हातात दिलं.

रजनीताईंच्या रेखीव इंग्रजीत, अंबूबाईंच्या निळ्या अंगठ्याच्या वर, लिहिलं होतं: "खवा करायचं दिगंबरलाच सुचलं. मी तर त्या दिवशी हातपाय गाळून घरात बसले होते."