खराब पट्ट्या

साखर, भात, पाव सगळं बंद करून मुलाला महिना झाला, तरी लघवीत बुडवलेली पट्टी जांभळी होईना. म्हणजे उपाशी माणसासारखी अंगातली चरबी जळतच नव्हती. घरात कुत्रा मात्र फुगत चाललेला.

मुलगा वैतागला. "आई, तू तर दोन्ही वेळा पोटभर जेवतेस. तुझी पट्टी रंगली, तर मालच खराब."

आढेवेढे घेत आई बाथरूममध्ये जाऊन आली. पट्टी गर्द जांभळी.

"बघ! सांगत नव्हतो?"

"हो रे, खराबच असणार," बसलेल्या आवाजात आई घाईने म्हणाली.

पट्ट्या परत करायला निघालेला तो दारातून मागे वळला. आई ताट वाढून बसली होती. तिच्या खुर्चीखाली कुत्रा आधीच तोंड वर करून बसला होता.

"आई, कधीपासून घास उतरत नाहीये गं?"