चाळीस टक्के

वहिनीला तिच्या हिश्श्याचे पैसे देऊन दिरानं भागीदारी मोडायची ठरवली, तेव्हा गाड्यांच्या रंगाच्या त्या दुकानाची किंमत काढायला एक साहेब आले. चार दिवस त्यांनी वह्या चाळल्या, डबे मोजले. गल्ल्यावर बसणाऱ्या दिराशी त्यांचं चांगलंच गुळपीठ जमलं. वहिनी मागच्या खोलीत नेहमीसारखी रंग मिसळत होती आणि अंगठ्याच्या नखावर थेंब लावून गिऱ्हाइकाच्या पत्र्याशी ताडून बघत होती.

पाचव्या दिवशी अहवाल आला. निघालेल्या किमतीतून चाळीस टक्के कापले होते.

"हे कशाबद्दल?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाइकं तुमच्या नजरेच्या भरवशावर येतात," साहेब म्हणाले. "तुम्ही तुमचा अर्धा हिस्सा घेऊन बाहेर पडलात की तीही जाणार. मग किंमत कमीच धरावी लागते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं 'वहिनी काय, नुसते रंग ढवळते' म्हणणारा दीर आज मान डोलावत होता.

"खरंच आहे, वहिनी. तुमच्याशिवाय इथं आहे काय?"

"म्हणजे ही किंमत तुम्हाला मान्य आहे, भाऊजी?"

"सहीसुद्धा केली मी."

तिनं फडक्यानं नखावरचा रंग सावकाश पुसला.

"मग याच भावात तुमचा अर्धा हिस्सा मी घेते. मी कुठंच जात नाहीये." ती साहेबांकडे वळली. "साहेब, भाऊजी गेले तर किती टक्के कापावे लागतात?"