एक जागा पुढे

चाचणी संपायला बावीस मिनिटं उरली असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात निरोप आला. 'तुला पण असं होतंय का? मला मघापासून प्रश्न वाचताच येत नाहीयेत. खूप भीती वाटतेय.'

निरोप चिमणीचा होता. ऑनलाइन वर्गात ती याच नावाने बसायची. दर शनिवारी चाचणीनंतर दोनशे चाळीस मुलांची यादी लागायची. तिच्यात चिमणी पहिली आणि हा निरोप ज्या मुलीला आला ती दुसरी. वर्षभर हेच चाललं होतं. चिमणी कुठली, दिसते कशी, मुलीला काही ठाऊक नव्हतं. चाचणीत कॅमेरा चालू ठेवावा लागे, पण त्या नखाएवढ्या चौकोनात तिचा खाली वाकलेला भांग तेवढा दिसायचा.

मुलीने निरोप दोनदा वाचला. ती स्वतः चौदाव्या प्रश्नावर अडली होती. त्यातलं पहिलंच वाक्य तिचं सात-आठ वेळा वाचून झालं होतं. तिने टाइप केलं, 'हो.'

कॅमेऱ्यात येणार नाही अशी खुर्ची टाकून बाबा शेजारी बसले होते. ते बसचालक; शनिवारची सुट्टी त्यांनी या चाचण्यांसाठीच मागून घेतली होती. दाराची बेल बंद करायची, स्वतःचा फोन उशीखाली दाबायचा, ही कामं त्यांची. निरोप त्यांनीही वाचला. हात लांब करून त्यांनी तिचं 'हो' पाठवायच्या आत पुसून टाकलं.

"वेळ खातेय तुझा. सरांना कळव."

नियम सगळ्यांनाच पाठ होता. चाचणी चालू असताना कुणाशी बोललं की शून्य, आणि वर्गातून बाहेर. मुलगी कुजबुजत म्हणाली की ती काही उत्तर मागत नाहीये. बाबांनी नुसतं स्क्रीनवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. एकोणीस मिनिटं.

तिने निरोपाचा फोटो सरांना पाठवला.

थोड्या वेळाने तो भांग वर झाला. पहिल्यांदाच चेहरा दिसला. तिच्याच वयाची मुलगी, चष्मा कपाळावर सरकवलेला, डोळे पुसत काहीतरी सांगू पाहणारी. आवाज सगळ्यांचेच बंद होते. मग तो चौकोन नाहीसा झाला आणि बाकीचे एकेक जागा पुढे सरकले.

संध्याकाळी यादी लागली. मुलगी पहिली. सरांनी तिच्या नावाखाली 'प्रामाणिकपणाबद्दल विशेष कौतुक' असंही लिहिलं. त्याच्याखाली वर्गातल्या मुलांनी पाठवलेल्या शाबासकीच्या अंगठ्यांची रांग लागली. बाबांनी उशीखालचा फोन काढला आणि आत्यापासून एकेकाला कळवायला सुरुवात केली.

आई दवाखान्यात नर्स होती. ड्यूटी संपवून ती घरी आली, तेव्हा चपला काढता काढताच तिला बातमी कळली. मुलीने सगळं क्रमाने सांगितलं, यादी दाखवली, शेवटी तो निरोपही दाखवला. आईने तो वाचला.

"मग तू काय म्हणालीस तिला?"

मुलीने पुन्हा यादी उघडली. आई तिच्याजवळ टेकली. जवळ घ्यायला म्हणून तिने मुलीचा हात धरला आणि तिची बोटं सवयीने मनगटावर गेली. तिथेच थांबली. आईने आपल्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. ठोके मोजताना तिचे ओठ भराभर हलू लागले.

"हे केव्हापासून होतंय?"

"पहिली यादी लागली तेव्हापासून."

आईने बाबांना फोन ठेवायला सांगितलं. त्यांनी हातानेच 'एक मिनिट' अशी खूण केली. त्यांना नुकताच मामांचा फोन लागला होता. खिडकीशी उभे राहून ते हसत सांगत होते, "छे हो, टेन्शन-बिन्शन काही नाही. आमची घाबरणारी नाहीच मुळी."