तिसरा गठ्ठा

भागीरथेने दोन झुरके घेतले, तिसरा अर्ध्यात सोडला आणि चुट्टा जमिनीत दाबून विझवला.

"हा बी गेला," ती म्हणाली.

रामाजीच्या हातातलं पान तसंच राहिलं. तंबाखूच्या पत्तीचे दोन गठ्ठे तिने आधीच नापास केले होते. हा तिसरा.

सिरोंच्यात रामाजीच्या चुट्ट्याला नाव होतं. बोटभर लांब, अंगठ्याहून जाड, वरून काळ्याभोर पानाचा वेढा. सागाच्या ठेकेदारापासून नावाड्यापर्यंत सगळे तोच मागायचे. पण रामाजीने स्वतः जन्मात कधी चुट्टा ओढला नव्हता. छाती कमजोर, धूर लागला की दम उसळायचा. वळणारे हात त्याचे, पारख बायकोची, भागीरथेची. तिचं माहेर खाली आंध्रात, गोदावरीच्या काठी. चुट्टा ओढायला ती आजीकडून शिकली, तोही पेटतं टोक तोंडात धरून. नवा गठ्ठा सोडला की रामाजी आधी तिच्यासाठी एक चुट्टा वळायचा. ती तो नाकाशी धरायची, बोटांत फिरवून कुठे गाठ लागते का बघायची, न पेटवताच एकदा ओढायची. मग पेटवून डोळे मिटायची. "मधात गोड आहे, शेवटाले जरासा चटका देते," असं काही म्हणाली की रामाजी कामाला बसायचा. ती नाही म्हणाली तर गठ्ठा परत.

आज मात्र तिने चुट्टा ओढला होता तो पेटतं टोक बाहेर ठेवून. रामाजीने ते पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"लागते कसा?" त्याने विचारलं.

"राख चावल्यावानी. चवच नाई."

त्याने विझलेला चुट्टा उचलला. राख पांढरी होती, घट्ट होती. सडक्या पत्तीची राख अशी पडत नाही, एवढं त्याला न ओढताही कळत होतं. पण भागीरथेची जीभ आजवर चुकली नव्हती. म्हणजे पोचूच बदलला होता.

पोचू नदीतल्या बेटावर तंबाखू लावायचा. रामाजीच्या लग्नाआधीपासून पत्ती त्याचीच. त्या साली सिरोंचा मुंबई राज्यात जाणार अशी चर्चा होती आणि वरून नवे व्यापारी यायला लागले होते. चांगली पत्ती त्यांना आणि गाळ आपल्याला, असं रामाजीच्या मनाने घेतलं. रात्रभर ते मनात शिजत राहिलं.

सकाळी तो मुखरू नावाड्याच्या नावेतून बेटावर उतरला. पोचू बायकोपोरांसह पानं सुकवायला टांगत होता. रामाजीने गठ्ठा त्याच्या पायापाशी टाकला.

"कोणाची घाण माह्या घरात घालून राह्यला तू?"

पोचूच्या बायकोचे हात थांबले. मुखरू नाव सोडून वर आला. पोचूने रामाजीच्या पिशवीतून त्याच पत्तीचा एक चुट्टा काढला, वास घेतला, पेटवला. उकिडवा बसून त्याने तो अर्ध्यापर्यंत ओढला. मग मुखरूला दिला. मुखरूने ओढला आणि परत दिला नाही.

"पत्ती खराब नाई, अन्ना," पोचू म्हणाला. "मागच्या सालापेक्षा चांगली आहे."

"म्हणजे माही बायको खोटी बोलते?"

पोचूने मुखरूकडे पाहिलं, मग वाळूकडे.

"बाई जेवते बराबर?"

"जेवते ना. काऊन नाई जेवणार?" रामाजी चिडून म्हणाला आणि तिथेच अडखळला. मिरची तिने कधीच सोडली होती. भाकरी ती आंबिलीत भिजवून, आंबील थंड झाल्यावर खायची, तेही त्याची पाठ वळल्यावर. दात दुखते म्हणाली होती. पदराने गाल दाबून बसायची सवय तिला कधी लागली, हे त्याला आठवेना.

"माह्या मायचं असंच झालं होतं," पोचू हळूच म्हणाला. "पहिले चव गेली, मंग तोंड सडत गेलं."

रामाजीने गठ्ठा उचलला. माफी न मागताच तो वळला. पोचूच त्याला नावेपर्यंत सोडायला आला. नदी उतरली होती. नावेचं बूड वाळूला घासत राहिलं.

भागीरथा ओसरीवर पानांच्या शिरा काढत बसली होती. रामाजी तिच्यासमोर खाली बसला.

"तोंड उघड."

"काऊन?"

"उघड म्हणतो."

तिने मांडीवरचं पान खाली ठेवलं. मग उन्हाकडे तोंड करून ते उघडलं. टाळू पांढरी पडली होती, जुन्या चुन्यासारखी. मधोमध लाल खड्डा होता, त्यात बोटाचं टोक मावलं असतं. रामाजीने हात पुढे केला आणि मागे घेतला.

तिने तोंड मिटलं. पुन्हा एक पान मांडीवर घेतलं.

"पोचूची पत्ती चांगली आहे म्हणे," रामाजी म्हणाला.

"माहीत आहे मले."

"कधीपासून?"

"पहिल्याच गठ्ठ्यापासून."

"मंग दरवेळी खराब आहे काऊन म्हणत राह्यली? त्या माणसाले मी काय काय बोलून आलो."

भागीरथेने पानाची शीर एका ओढीत काढली आणि बाजूला ठेवली.

"मले वाटे," ती म्हणाली, "एखादा तरी गठ्ठा खरंच खराब निघावा, माही जीभ नाई."