वाघाचं जुनं ब्लँकेट

जानेवारीतल्या अवकाळी पावसात उघडी जिप्सी जंगलात कुडकुडत उभी होती. आई गेल्यापासून अप्पा ‘हं’पलीकडे बोलत नव्हते, म्हणून शलाकाने त्यांना सफारीला आणलं होतं. अंगाभोवती घरचं वाघाच्या चित्राचं जुनं ब्लँकेट लपेटून ते बसले होते.

“वाघ दिसेल?” तिने गाइडला विचारलं.

“एवढ्या थंडीत कायले येते तो बाहेर, ताई? येडा आहे का?”

“हं,” अप्पा म्हणाले.

तेवढ्यात धुक्यातून दुसरी जिप्सी आली. अप्पांची पाठ बघून तिच्यातल्या आजींनी हात जोडले. “वाघ! जन्माचं सार्थक झालं बाई!”

गाइड खरं सांगायला उठला. अप्पांनी त्याला बसवलं, ब्लँकेट डोक्यावर ओढलं आणि डरकाळी फोडली.

लहानपणी शलाकाला सकाळी उठवायला फोडायचे, तीच. तेव्हा आई जे ओरडायची, तेच शलाकाच्या तोंडून निघालं, “अहो, शेजारी काय म्हणतील!”

ब्लँकेट खदखदून हसलं.