एकाच सरांचे विद्यार्थी

लुसाकातल्या बैठकीत मुतिंता म्हाताऱ्या शेतीमंत्र्यांची सल्लागार म्हणून त्यांच्याशेजारी बसली होती, खताचं अनुदान वाचवायला. ते बंद करा म्हणणाऱ्या परदेशी निधीसंस्थेचा माणूस, हेन्रिक, लंडनमधला तिचा वर्गमित्र निघाला.

"मुती, तू? आठवतं, सर अनुदानाला काय म्हणायचे?"

"महागडी दया!" ती बोलून गेली. दोघंही खळखळून हसले. पुढे एकाचं वाक्य दुसरा पुरं करत गेला आणि तासाभरात अनुदान निम्म्यावर आलं.

तो गेल्यावर तिला चैन पडेना. "निम्मं तरी वाचवलं ना, साहेब?" तिने विचारलं.

"छानच बोललात दोघं," मंत्री उठत म्हणाले. "मी मात्र सारखा दाराकडे बघत होतो, पोरी. म्हटलं, आपल्या बाजूचं माणूस अजून कसं येईना!"