आईचं बाथरूम

ओंकारनं कुसगावच्या घरात आईच्या गुडघ्यांसाठी कमोडचं बाथरूम बांधलं, तेव्हा नंदाबाईंनी सगळी आळी बोलावून ते दाखवलं. पावसाळ्यात त्या जुलाबांनी आजारी पडल्या, तर पोरगा जंतुनाशकाच्या बाटल्याच घेऊन आला.

"नुसतं पाणी मारून भागत न्हाई, आई. औषध टाकून जरा वेळ राहू दे, मग घास. नळ, कडी, फ्लशचं बटण, समदं पुसायचं. जंतू हातावाटंच पसरत्यात."

"व्हय रं माझ्या डॉक्टरा!" म्हणत त्या हसल्या. पण तेव्हापासून कंबरेला पदर खोचून रोज घासू लागल्या. शेजारच्या शालनला सांगायच्या, "पोराला माझी लय काळजी."

या शनिवारी ओंकारनं पुढची खोली पहिल्यांदाच पर्यटकांना भाड्यानं दिली. लेकाचे पाहुणे म्हणून नंदाबाई सकाळपासून बाथरूम चकाचक करत होत्या. त्या शेवटचा नळ पुसत असतानाच मुंबईहून आलेल्या बाईंनी आत डोकावलं.

"छान आहे. पण घरातलं कुणी वापरतं का हे?"

नंदाबाई कौतुकानं हसत पुढं झाल्या. तेवढ्यात ओंकार मध्येच म्हणाला, "छे छे, मॅडम! फक्त गेस्टसाठी आहे."

"आणि या कोण?"

ओंकारनं आईकडं पाहिलंच नाही.



"या होय? या आपल्या साफसफाईच्या मावशी."